नावांची पाटी

बर्बँकमधल्या आमच्या स्टुडिओत दोन इमारती होत्या आणि मध्ये एक बोळ. अलीकडच्या इमारतीत पुरुष बसत. ते कार्टूनपटांच्या गोष्टी रचत, पेन्सिलीनं चित्रं काढत, सिगारेटी ओढत आणि एकमेकांची व्यंगचित्रं भिंतीवर डकवत. पलीकडच्या इमारतीत ऐंशी-नव्वद बायका बसत. पुरुषांचं प्रत्येक चित्र त्या सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर शाईनं गिरवत आणि मागच्या बाजूनं रंगवत. म्हणजे पडद्यावर प्रेक्षकांना जी रेघ दिसे ती बाईच्या हातची असे आणि पडद्यावर जी नावं दिसत ती पुरुषांची. बायकांच्या इमारतीला आम्ही मठ म्हणत असू. हे आम्हाला फार विनोदी वाटे.

इर्मा स्टेंगल त्या मठातली सर्वांत जुनी शाईवाली. मूळची नॉर्थ डकोटातल्या गहू पिकवणाऱ्या जर्मन घरातली. उंच, हाडापेरानं मोठी, बोलणं कमी आणि तेही समोरच्याला परत करता येणार नाही असं. हातात पातळ पांढरे सुती मोजे, त्यांचा अंगठा आणि दोन बोटं कापलेली, कारण टाक धरायला उघडं बोट लागतं आणि तावावर घामाचा डाग चालत नाही. ग्लेंडेलमध्ये ती विधवा बहिणीबरोबर राहत असे. बहिणीचं नाव विल्हेल्मिना, पण इर्मा तिला 'अगं' म्हणे.

मठात सिगारेटला बंदी होती. जुन्या काळचे ताव ठिणगी पडली की भडकत. नंतर न पेटणारे ताव आले, पण बंदी राहिली. नियम एकदा लागला की त्याला पुढे कारणाची गरज उरत नाही. त्यामुळे इर्मा बोळात येऊन सिगारेट ओढे आणि आपल्याच धुराकडे डोळे बारीक करून बघत बसे. धूर कसा उठतो, कुठे वळतो, कुठे विचार बदलतो, हे तिनं तिथे बघून ठेवलं होतं. आमच्या फिल्मांतला सगळा धूर तिचा. धूळ, वाफ, पळत्या पायांमागची रेघोटी, हेही तिचंच. जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं ती ते काढी.

तिच्याकडे आणखी एक काम होतं. फिल्मच्या सुरुवातीला येते ती नावांची पाटी तीच लिही. दिग्दर्शक, गोष्ट, चित्रं, देखावे, संगीत, आवाज. आमची सगळ्यांची नावं वर्षानुवर्षं तिच्या हातून गेली. माझ्या आईनंही कधी इतक्या प्रेमानं लिहिलं नसेल असं माझं नाव तिनं 'गोष्ट' या शब्दापुढे लिहिलं आहे. तिचं स्वतःचं नाव त्या पाटीवर नसे. मठातल्या कुणाचंच नसे. का नसे, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

छप्पन साली टीव्हीवर मुलाखतींचा एक कार्यक्रम गाजत होता. दर शुक्रवारी संध्याकाळी एक गंभीर गृहस्थ सिगारेट धरून खुर्चीत बसत. समोरच्या मोठ्या पडद्यावर एखाद्या नामवंताचं घर दिसे आणि हे गृहस्थ हजारो मैलांवरून त्याला विचारत, हा पियानो कुठला घेतला. देश श्वास रोखून पियानो कुठला ते ऐके. टीव्हीनं आमच्या थिएटरांचं गिऱ्हाईक पळवलं होतं, त्यामुळे या कार्यक्रमाची टर उडवणं हे आमचं कर्तव्यच होतं. शुक्रवारी संध्याकाळी मात्र आम्ही सगळे लवकर घरी जात असू.

फिल्म ठरली ती अशी: मुलाखतकार म्हणून लांब कानांचा, रडवेल्या डोळ्यांचा एक शिकारी कुत्रा. त्याचा पाहुणा आमचा नेहमीचा नायक क्विन्सी, म्हणजे साळिंदर, जो बसेल ती खुर्ची फोडतो. दिग्दर्शक डेल हॉचकिस. डेल हा चांगला माणूस होता. कुणाचंही वाईट होऊ नये असं त्याला वाटे आणि ते होताना तो खिडकीबाहेर बघे.

गोष्ट पक्की करण्याची आमच्याकडे एक रीत होती. सकाळी सगळे एका खोलीत जमत, भिंतीवर गोष्टीची चित्रं टाचलेली असत, आणि जेवणाची शिट्टी होईपर्यंत त्या खोलीत कुणालाही 'नाही' म्हणायला बंदी असे. 'पण' म्हणायलाही. कुणी काही सुचवलं की 'वा' म्हणायचं आणि त्यात आपली भर घालायची, मग सुचवणारा झाडूवाला असो की मालक. नकार जेवणानंतर. तोही ज्यानं सुचवलं त्याच्या तोंडावर द्यायचा, पाठीमागे दिलेला धरायचा नाही. ही रीत कुणी काढली माहीत नाही, पण चर्चमधल्या रीती पाळत नसू इतकी आम्ही ती पाळत असू. आमचे निर्माते मिस्टर पॉमरॉयसुद्धा पाळत. ते पूर्वी थिएटरांना खुर्च्या पुरवत. माणूस किती वेळ बसू शकतो एवढंच आपल्याला कळतं, असं ते नम्रपणे सांगत, आणि ते खरं होतं.

त्या सकाळी इर्मा आधीच्या एका फिल्मची पाटी बगलेत मारून आली. आवाजवाल्या रॉस्को टीगचं नाव करारानुसार मोठं करायचं होतं आणि त्यावर पॉमरॉयसाहेबांची सही हवी होती.

"बस ना दोन मिनिटं," डेल म्हणाला. "एवढा प्रसंग होऊ दे."

ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि भिंतीवरची चित्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून झाल्यावर म्हणाली, "यांच्याकडे झाडतं कोण?"

"कोणाकडे?"

"साळिंदराकडे. घरभर काटे पडलेत. तो काही उचलणाऱ्यातला दिसत नाही."

कुणीतरी हसलं. इर्मा हसली नाही. "आम्ही दोघी बहिणी दर शुक्रवारी बघतो. तो माणूस विचारतो पियानो कुठला, पडदे कुठले. मागून एक बाई ट्रे घेऊन जाते. बाई, तू कुठली, असं काही विचारत नाही."

"वा," मी म्हणालो, कारण माझी पाळी होती. "मग एक कोंबडी घालू. मोलकरीण. व्हॅक्यूम क्लीनर घेऊन."

"वा," डेल म्हणाला. "आणि ती ऐन मुलाखतीत कॅमेऱ्यासमोरून जाते. पुन्हा पुन्हा."

"मुलाखत चाललीय हे तिला माहीत असतं," इर्मा म्हणाली. "तिला तिचं काम उरकायचं असतं. कुत्रा सिगारेटी ओढतोय, धूर वाढतोय, शेवटी कुत्रा दिसेनासा होतो, नुसता प्रश्न ऐकू येतो. तेव्हा तो तिला विचारतो, आणि आपण कोण?"

"मग ती काय सांगते?"

"ती कशाला सांगेल? व्हॅक्यूम पुढे करते आणि सगळा धूर ओढून घेते. सिगारेटही."

खोली हसली. पॉमरॉयही हसले. हसू ओसरेपर्यंत इर्मा थांबली आणि तशाच आवाजात म्हणाली, "धूर मी काढणार. आणि या फिल्मच्या पाटीवर माझं नाव पाहिजे."

हसू जिथे होतं तिथेच राहिलं. सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. शिट्टीला बराच वेळ होता. मग सगळ्यांनी पॉमरॉयकडे बघितलं. सगळ्या खुर्च्या एकदम परत आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"वा," ते म्हणाले.

रीतीप्रमाणे पुढे भर घालणं भाग होतं आणि ती त्यांना सुचेना.

"ठळक अक्षरात," डेलनं त्यांच्या वतीनं भर घातली आणि खिडकीबाहेर बघू लागला.

इर्मानं बगलेतली पाटी पुढे केली. पॉमरॉयनी सही केली. ती उठली, आभार मानून निघून गेली, आणि जेवणानंतर परत आली नाही. तिला परत येण्याचं काही कारणच नव्हतं. ज्या तोंडावर 'नाही' म्हणायचं ते तोंडच खोलीत नव्हतं.

दुपारी पॉमरॉय बोळ ओलांडून मठाच्या दाराशी गेले. दारावर पाटी होती: शाईकामाच्या वेळेत पुरुषांना प्रवेश नाही. पुरुषांच्या बुटांबरोबर धूळ येते आणि कॅमेऱ्याला धुळीचा कण उंदराएवढा दिसतो, म्हणून हा नियम. दारात मिस फिंच उभ्या होत्या. मठाच्या मुख्य. पाव शतक त्यांनी कुणाला कारण सांगितलं नव्हतं.

"मिस फिंच, हा हुकूम माझाच आहे."

"म्हणूनच पाळतेय, सर."

"मग तिला फोनवर बोलवा."

"कामाच्या वेळेत शाईवाल्यांना फोन द्यायचा नाही. तेही आपणच सांगितलंत."

पॉमरॉय परत आले. संध्याकाळी त्यांना कुठेतरी जेवायला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी काही निघालं. मोठ्या माणसांना विसरायला वेळ लागत नाही, त्यासाठी त्यांच्या हाताखाली माणसं असतात. इर्माच्या हाताखाली कुणी नव्हतं, त्यामुळे तिच्या सगळं लक्षात राहिलं.

त्या उन्हाळ्यात तिनं जो धूर काढला तसा मी पुन्हा पाहिला नाही. पहिल्या सिगारेटीचा धूर सभ्य होता, वर जाऊन नाहीसा होणारा. मग तो रेंगाळू लागला. मग खुर्चीवर बसू लागला, कुत्र्याच्या कानांत शिरू लागला, आणि शेवटी कुत्रा गेला तरी त्याचा आवाज त्या पांढऱ्या ढगातून विचारत राहिला, 'आणि हा गालिचा कुठला?' छोट्या यंत्रावर तुकडा चालवून बघताना डेल म्हणाला, "हा धूर माझ्यापेक्षा चांगला अभिनय करतो." धुरानं कुणाचीही टर न उडवता सगळ्यांची उडवली होती.

पाटी लिहायची वेळ आली तेव्हा कचेरीतून नावं आली. त्यांत इर्मा स्टेंगल हे नाव नव्हतं. ती थेट बोळात जाऊन उभी राहिली. बोळ कुठल्याच इमारतीचा नव्हता, तिथे कुठलीच पाटी नव्हती, आणि पॉमरॉयना गाडीकडे जायला दुसरा रस्ता नव्हता.

मी तिथेच सिगारेट ओढत होतो. ती विझवून आत जावं असं मला वाटलं नाही.

"इर्मा," पॉमरॉय म्हणाले, "त्या दिवशी मी वा म्हणालो ते बैठकीपुरतं."

"बैठकीपुरती 'नाही'ला बंदी असते, मिस्टर पॉमरॉय. 'हो'ला बाहेरही परवानगी आहे."

"हे बघ. तुला दिलं की नव्वद जणी मागतील."

"मागू देत. मला बारीक अक्षरही येतं."

"पाटी चार सेकंद दिसते. लोक तेव्हा अंधारात खुर्ची शोधत असतात. मी खुर्च्यांच्या धंद्यात होतो, मला माहीत आहे. कुणी वाचत नाही."

"मग भीती कसली वाटतेय?"

पॉमरॉयनी रीतीचा आधार घेतला. "नाही," ते म्हणाले. "तुझ्या तोंडावर सांगतो. नाही."

इर्मानं मान डोलावली. नकार नियमात बसत होता. "ठीक आहे. आता माझं ऐका. मी नावं लिहिणार नाही."

"म्हणजे नोकरी सोडतेस?"

"नोकरी कशाला सोडू? शाई गिरवीन, धूर काढीन, फिल्मचं नावसुद्धा लिहीन. माणसांची नावं मला लिहिता येत नाहीत, असं आजपासून समजा."

तिला काढून टाकायचं तर युनियनला कारण द्यावं लागलं असतं, आणि 'तिनं माझं नाव लिहिलं नाही' हे कारण पॉमरॉयना टाइप करवून घ्यायला जड गेलं असावं. त्यांनी मिस फिंचना सांगितलं, दुसरी कुणी बघा. मिस फिंचनी मठात विचारलं. कुणालाच अक्षर येईना. अर्ध्या बर्बँकच्या लग्नपत्रिका लिहून देणारी एक मुलगी म्हणाली, माझा हात अलीकडे थरथरतो. हे सांगताना ती क्विन्सीचे काटे एकेक करून गिरवत होती. मिस फिंचनी तसा निरोप पाठवला. स्वतःचं मत त्यांनी दिलं नाही, पण त्या दिवशी मठाचं दार जरा जोरात लागलं असं म्हणतात.

डेलला हे सगळं फार लागलं. तो बोळात आला. "इर्मा, एक सुचवू? धुरातच लिही. एखाद्या तावावर, वळणात. क्षणभर येईल आणि जाईल. देखावेवाले दुकानांच्या पाट्यांवर आपली नावं घालतातच की. कुणाला कळणार नाही, पण तुला माहीत असेल."

"माझं नाव मला माहीतच आहे, डेल," ती म्हणाली. "ते बाकीच्यांना कळायचंय."

"मी आपलं..."

"देखावेवाल्यांचं नाव पाटीवर असतं आणि वर दुकानावरही असतं. चैन म्हणून. मी काय चोर आहे, धुरात लपायला?"

डेलनं खिडकीकडे बघायचा प्रयत्न केला, पण बोळाला खिडकी नव्हती.

पॉमरॉयनी शेवटी बाहेरून माणूस आणला. सॅन फर्नांडो रस्त्यावर जुन्या मोटारींची दुकानं होती, त्यांच्या पाट्या तो रंगवत असे. मेहनती माणूस. त्याची पाटी आली तेव्हा आम्ही सगळे तिच्यापुढे जमलो. अक्षरं लाल, त्यांना पिवळी सावली, आणि प्रत्येक नाव पुढच्या शनिवारपर्यंतच मिळेल असं दिसणारं.

रॉस्को टीगनं ती पाहिली. टीगला मठाशी काही देणंघेणं नव्हतं. एकाच दिवसात तो कुत्र्याचा, साळिंदराचा आणि कोंबडीचा आवाज काढी आणि तिघांपेक्षा स्वतःच्या आवाजात जास्त बोले.

"हे माझं नाव आहे?" तो पॉमरॉयना म्हणाला. "नावापुढे किंमत लिहायची राहिलीय. टायर नवे आहेत तेही लिहा."

"लोक वाचत नाहीत, रॉस्को."

"मी वाचतो. माझा करार वाचा. आकार आणि दर्जा आधीच्या पाट्यांपेक्षा कमी नसावा. आधीच्या पाट्या कोण लिहायचं?"

"एक बाई आहे."

"मग तिला जे पाहिजे ते द्या आणि मला माझं नाव परत द्या. क्विन्सी उद्यापासून मुका समजा."

अशा रीतीनं न्याय झाला. न्यायाला दरवेळी चांगली माणसं मिळतातच असं नाही, मिळतील त्यांच्यावर तो काम भागवतो. पॉमरॉय स्वतः आले नाहीत. डेलकरवी निरोप आला, स्वतःच्या नावासकट लिही म्हणावं.

इर्मानं मोजे चढवले आणि पाटी लिहिली. सगळी नावं पूर्वीइतकीच देखणी. टीगचं मोठं, करारानुसार. पॉमरॉयचं बहुधा नेहमीपेक्षा अधिक सुंदर. आणि खाली, बाकीच्यांच्याच मापात, एक नवी ओळ: शाई, इर्मा स्टेंगल. ठळक नाही. ठळक हे डेलचं होतं, तिनं मागितलं नव्हतं.

फिल्म ग्लेंडेलच्या थिएटरात लागली तेव्हा शुक्रवार होता. ती बहिणीला घेऊन गेली आणि आम्ही काहीजण मागच्या रांगेत होतो. अंधार झाला, वाद्यं वाजली, पाटी आली. इर्मा उठून उभी राहिली. नुसती उभी. हातात पर्स, पाठ ताठ, चर्चमध्ये भजनाला उभं राहतात तशी.

"बाई, खाली बसा," मागून एकजण म्हणाला. "दिसत नाही."

"वीस वर्षं मी थांबले," मागे न बघता इर्मा म्हणाली. "तुम्ही चार सेकंद थांबा."

विल्हेल्मिना तिचा कोट ओढत होती. पाटी गेली, इर्मा बसली. कोंबडीनं धूर ओढून घेतला तेव्हा थिएटर इतकं हसलं की पुढचे दोन विनोद कुणाला ऐकूच आले नाहीत. इर्मा तेव्हाही हसली नाही. कुठल्याशा वळणाकडे बघत ती बहिणीला म्हणाली, "तो तिसरा झोत जरा जाड झाला, अगं."

पुढच्या फिल्मच्या यादीत तिचं नाव पुन्हा नव्हतं. तिनं यादी तशीच परत पाठवली. त्यानंतर दर फिल्मला हेच: कधी पॉमरॉय नमत, कधी, टीगचा आवाज नसला की, मोटारींच्या पाट्या रंगवणारा येई. त्यामुळे त्या काळातल्या आमच्या काही पाट्या फार सुरेख आहेत आणि काही बघवत नाहीत. अलीकडे एका प्राध्यापकांनी यावर लिहिलं आहे. त्यांना त्यात अमेरिकन अक्षरकलेतलं स्थित्यंतर दिसलं.

बऱ्याच वर्षांनी स्टुडिओनं जुन्या फिल्मा पुन्हा थिएटरांत लावल्या. वेळ वाचावा म्हणून सुरुवातीच्या पाट्या कापल्या आणि सगळ्यांना एकच निळी पाटी चिकटवली, त्यावर फक्त फिल्मचं नाव. आमची साळिंदराची फिल्मही त्यात होती. हे इर्माला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी गेलो. ती सत्तरीच्या पुढे होती. विल्हेल्मिना वारली होती. इर्मा व्हरांड्यात बसून सिगारेट ओढत होती.

"सगळ्यांची कापली?" तिनं विचारलं.

"सगळ्यांची."

"टीगचं?"

"टीगचंही."

"पॉमरॉयचं?"

"त्यांचंही."

तिनं धूर सोडला आणि तो कुठे जातो ते बघितलं. "म्हणजे शेवटी सगळे बोळात आले म्हणायचे," ती म्हणाली.

मला वाटलं, विषय संपला. पुढच्या आठवड्यात तिनं मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवा पुठ्ठा होता, आणि तिच्या हातांत ते बोटं कापलेले मोजे. ती जुनी पाटी तिनं आठवून पुन्हा लिहिली होती. तोच आकार, तीच नावं, टीग करारानुसार मोठा. हात थोडा थरथरला होता, पण ते शोधल्याशिवाय दिसत नव्हतं. आणि तिच्या नावाखाली, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात, अख्खा मठ होता. लग्नपत्रिकावाली होती, क्विन्सीचे काटे गिरवणाऱ्या होत्या, लग्न करून गेलेल्या होत्या, मेलेल्या होत्या. एक जागा अर्धी रिकामी होती.

"मिस फिंचचं पहिलं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. मी दोन-तीन जणांना फोन केले. त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी सांता बार्बराला त्यांची भाची सापडली. कॉर्डेलिया. इर्मानं ते लिहिलं, फुंकर मारली आणि पुठ्ठा पाकिटात घातला. वर स्टुडिओचा पत्ता, सोबत एक ओळ: तुमच्याकडून ही पाटी पडली आहे, जागेवर लावावी.

पाटी परत आली. अशा कुठल्या पाटीची आमच्याकडे नोंद नाही, असं छापील उत्तर बरोबर होतं. इर्मानं तेच पाकीट घेतलं, आपला पत्ता खोडला, स्टुडिओचा पुन्हा लिहिला आणि माझ्या हातात दिलं.

"टपालात टाक. आणि तिकीट तू लाव," ती म्हणाली. "तुझंही नाव आहे त्यात."